कारागिराचा हात का थांबतो?

कपड्याच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. कापडातला दोष आम्ही बोटांनी ओळखतो. पण समोरचा माणूस आतून खचला आहे हे आम्हाला ओळखता आले नाही. ती हकीकत व्यापारी बांधवांसमोर ठेवतो.

आमच्याकडे जरीकामाचे खाके काढणारा एक कसबी कारागीर होता. कागदावर नक्षी काढायची, रेषेवर सुईने भोके पाडायची आणि त्यातून रंग उतरवून ती कापडावर घ्यायची, हे त्याचे काम. त्यानंतर अड्ड्यावर बसलेल्या कारागिरांची आरी चालते. खाका अडला की सगळा अड्डा अडतो. एका लग्नसराईत हा माणूस गप्प गप्प राहू लागला. झोप नाही, जेवण नाही, एकच वेल चार-चारदा पुसायचा. आम्ही त्याला कामचुकार ठरवून मजुरी कापली. घरच्यांना वाटले, नजर लागली. अखेर भावाने त्याला सरकारी इस्पितळात नेले, तेव्हा नैराश्याचा आजार निघाला. औषधोपचाराने तो सावरला आणि कामावर परतला. कापलेली मजुरी त्याच्या हातात ठेवताना मान मात्र आमची खाली होती.

मजुरी नगावर मोजता येते, नवी नक्षी तशी सुचत नाही. त्यात गिऱ्हाइकाची घाई, रात्रीची जागरणे आणि अडकलेले पैसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतेच्या विकारांमुळे जगात दरवर्षी कामाचे १२ अब्ज दिवस वाया जातात. कामगाराची अशी अवस्था ओळखण्याचे शिक्षण वरिष्ठांना द्यावे, असे या संघटनेने २०२२ साली सुचवले. मोठ्या कंपन्या त्यासाठी सल्लागार नेमतात. आपल्या छोट्या कारखान्यात ही जबाबदारी मालकाची आणि मुकादमाची.

त्याला फार खर्च नाही. हिशेब ठरल्या दिवशी चुकता करावा. नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदाही सांगतो. दिलेल्या मुदतीत बसेल तेवढेच काम घ्यावे. नेहमी चांगले काम करणाऱ्याचा हात अचानक बिघडला, तर चारचौघांत न बोलता बाजूला बसवून विचारपूस करावी. आजारातून परतलेल्याला सुरुवातीला हलके काम द्यावे आणि त्याची गोष्ट बाजारात करू नये.

केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा आजाराला विम्यातही शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरले आहे.

मशीन बिघडले की आपण त्याच दिवशी मिस्त्री बोलावतो. माणसाच्या बाबतीत आम्ही दोन महिने घालवले. आपण घालवू नयेत, एवढीच विनंती.