जत्रा-यात्रांची मौज : चंद्रभागेचे वाळवंट

पंढरपूर भीमेच्या, म्हणजे येथल्या चंद्रभागेच्या, उजव्या तीरावर आहे. महाद्वार घाट, उद्धव घाट, दत्त घाट, कुंभार घाट अशा दगडी पायऱ्या गावातून खाली उतरतात आणि त्या संपतात तेथून पाण्यापर्यंत वाळू पसरलेली असते. या पट्ट्याला वाळवंट म्हणतात. करकंब, भोसे या बाजूच्या लोकांना नदी ओलांडूनच गावात जावे लागते, त्यामुळे पुलावर आल्याबरोबर सगळे वाळवंट एका नजरेत दिसते: पात्रातले पुंडलिकाचे मंदिर, काठाला लागलेल्या होड्या, ओळीने मांडलेली दुकाने आणि त्यांच्या मधून हिंडणारी माणसे. गाडीतल्या मुलांची चुळबुळ येथूनच सुरू होते.

वाळवंटातल्या मौजेचे वेळापत्रक पंचांग आणि नदी मिळून ठरवतात. पंचांगाच्या चार मोठ्या यात्रा आहेत: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. चैत्रात नदी आटलेली आणि ऊन कडक, म्हणून गर्दी संध्याकाळी उतरते. आषाढात पाऊस आणि पाणी दोन्हींचा भरवसा नसतो. कार्तिक आणि माघ हे खरे सुखाचे महिने. हवेत गारवा असतो, वाळू कोरडी असते आणि धारेला होडी चालण्याइतके पाणी असते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यापासून या हिशेबात तिसरा घटक आला. यात्रेच्या आधी भाविकांच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडतात. पाणी बेताचे असेल तर वाळवंट आणि नदी दोन्ही मिळतात. धरण भरून विसर्ग वाढला की वाळू पाण्याखाली जाते आणि दुकानदारांना रातोरात बिऱ्हाड घाटावर हलवावे लागते. विलायतेतल्या समुद्रकाठी भरती-ओहोटीच्या वेळा छापील कोष्टकात मिळतात. येथे धरणाच्या दरवाजांची बातमी ऐकावी लागते.

विलायतेचा उल्लेख ओढून-ताणून आणलेला नाही. ब्लॅकपूल, ब्रायटन यांसारखी इंग्लंडमधली समुद्रकाठची करमणुकीची गावे आणि पंढरपूर यांच्यात एक जुने साम्य आहे, ते म्हणजे रेल्वे. लंडनहून ब्रायटनला रेल्वे १८४१ मध्ये आणि ब्लॅकपूलला १८४६ मध्ये पोहोचली. त्यानंतर कामगार वर्षाच्या सुटीत बायकामुलांसह तेथे लोटू लागले. त्यांच्यासाठी समुद्रात शिरणारे लांब लाकडी-लोखंडी धक्के, वाळूवर गाढवावरची रपेट, पंच आणि ज्युडीचा बाहुल्यांचा खेळ, गाव सोडताना घ्यायची रंगीत साखरकांडी असा सारा सरंजाम उभा राहिला. ब्लॅकपूलचा १५८ मीटर उंचीचा मनोरा १८९४ सालचा आहे. इकडे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी १८९७ मध्ये बार्शीला आणि १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून मोडनिंबमार्गे पंढरपूरला पोहोचली. त्याआधी पंढरपूर म्हणजे पायी किंवा बैलगाडीने गाठायचे ठिकाण होते. रेल्वेने म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बायका यांची सोय केली, आणि ज्याला वारीचा नेम नाही त्यालाही पंढरपूर जवळचे झाले. मूळ फरक मात्र मोठा आहे. ब्लॅकपूलला माणसे करमणुकीसाठीच जात. पंढरपूरला येणाऱ्याचे पहिले कारण विठ्ठल असते, करमणूक दर्शनाच्या आगेमागे येते. तिचा आकारही त्यामुळे वेगळा झाला आहे.

हा आकार समजण्यासाठी दर्शनाची रांग पाहावी लागते. पदस्पर्शदर्शनाची रांग आषाढीला गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडच्याही पुढे जाते आणि वीस-वीस तास लागतात. घरातले एक-दोघे रांगेत उभे राहतात. बाकीच्यांना, विशेषतः मुलांना, कुठेतरी थांबायचे असते. काही जण मुखदर्शनावर भागवतात, काही नामदेव पायरीला डोके टेकवून कळसाकडे हात जोडतात आणि थेट नदीवर येतात. म्हणजे वाळवंटातली गर्दी बरीचशी थांबलेल्या लोकांची असते. हातात वेळ असतो, पैसे थोडे असतात, बसायला सपाट जागा असते आणि जागेचे भाडे नसते. तिकीट लावून आत घ्यावी अशी करमणूक अशा ठिकाणी फारशी रुजत नाही. चालता-चालता थांबून पाहावी, आवडली तर चार पैसे टाकावेत आणि पुढे जावे, अशीच येथे वाढली.

यात सर्वांत जुनी करमणूक वारकऱ्यांची स्वतःची आहे आणि ती पाहायला पैसा लागत नाही. स्नान झाले की दिंड्या वाळवंटात फड धरतात. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली सुरू होते, मग उड्या, मग फुगड्या. साठीतले गृहस्थ एकमेकांचे हात धरून गरगर फिरताना दिसतात, सुना आणि सासवा एकाच फुगडीत असतात आणि एरवी चारचौघांत लाजणारी माणसे येथे लाजत नाहीत. फुगडी, हमामा, हुतूतू, पिंगा हे पोराटोरांचे खेळ संतांनी अभंग-भारुडांत रूपक म्हणून घेतले. एकनाथांची भारुडे तर अशा गर्दीपुढे करण्यासाठीच घडल्यासारखी आहेत. विंचू चावलेला माणूस, भविष्य सांगणारा जोशी, नवऱ्याला कंटाळलेली बाई अशी सोंगे घेऊन भारूडकार उभा राहिला की अर्धे वाळवंट त्याच्याभोवती गोळा होते. मुलांना सोंग कळते, मोठ्यांना त्यातला टोमणा कळतो. तीन पिढ्यांना एकत्र बसवून हसवणारा दुसरा प्रकार मराठी जत्रेत सापडणे कठीण आहे. पंच आणि ज्युडीशी त्याची तुलना होऊ शकते, पण त्या बाहुल्यांना परमार्थाचा भार वाहावा लागत नव्हता.

करकंबकरांना वारकऱ्यांचा हा खेळ अर्धाअधिक घरबसल्याच मिळतो. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आणि पैठणहून निघणारी एकनाथांची पालखी, दोन्ही आषाढीला करकंबवरून जातात. गावापासून पंढरपूर सुमारे वीस किलोमीटर, म्हणजे दिंड्यांसाठी शेवटचे एक-दोन टप्पे उरलेले असतात आणि वारकऱ्यांचा हुरूप टिपेला असतो. त्या मुक्कामात भजन, फुगड्या आणि पंगती अंगणापर्यंत येतात. मोठे रिंगण पाहायचे तर मात्र वाखरीला जावे लागते. तेथे ज्ञानेश्वर-तुकाराम पालख्यांच्या वेळी वाऱ्यासारखा धावणारा माउलींचा अश्व पाहायला लहान मुले बापाच्या खांद्यावर बसलेली असतात. त्याच वाखरीला कार्तिकीत जनावरांचा बाजार भरतो. खिलार बैलांच्या जोड्या, रंगवलेली शिंगे, झुली, गोंडे आणि घासाघीस पाहण्यात शेतकरी कुटुंबाचा अर्धा दिवस सहज जातो. लांब, मागे वळलेल्या शिंगांची पंढरपुरी म्हैस ही या मुलखाची खास जात, तिच्याभोवती बघे कमी नसतात.

पुंडलिकाच्या देवळाकडे जायला आणि नदीत फेरी मारायला होडी. वाळवंटातल्या तिकिटाच्या करमणुकींत मुलांची पहिली मागणी हीच असते. होड्या चालवणारे बहुतेक कोळी समाजाचे आहेत आणि पुंडलिकाच्या मंदिरातली पूजाही पिढ्यान्पिढ्या याच समाजाकडे आहे. पाणी उथळ असेल तर बांबू टेकवत, खोल असेल तर वल्ह्यांनी किंवा इंजिनावर होडी जाते. पूर आला की पुंडलिकाचे देऊळ पाण्यात बुडते, कधी फक्त शिखर दिसते, आणि गावातले लोक घाटावर उभे राहून पूर किती चढला ते पुंडलिकाच्या देवळावरून मोजतात. एरवी होडी थोडी लांब नेली तर विष्णुपदापर्यंत जाता येते.

विष्णुपद ही पंढरपूरकरांची खास सहलीची जागा आहे आणि बाहेरच्यांना ती कमी माहीत असते. गोपाळपूरजवळ नदीकाठी खडकावर कृष्णाची आणि गाईची पावले उमटली आहेत, अशी श्रद्धा आहे. मार्गशीर्षात विठ्ठल येथे मुक्कामाला असतो असे मानतात, म्हणून तो महिनाभर पंढरपूर आणि आसपासच्या गावांतली कुटुंबे डबे बांधून विष्णुपदाला येतात. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही असा बेत असतो. दर्शन, होडी, वनभोजन आणि उन्हात लवंडणे असा दिवसाचा क्रम. जवळच गोपाळपूरच्या टेकडीवर गोपाळकृष्णाचे देऊळ आहे. तेथे जनाबाईच्या संसाराच्या खुणा दाखवतात. आषाढी आणि कार्तिकी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, दहीहंडी फुटते आणि लाह्या-दह्याचा प्रसाद वाटला की पालख्या परतीला लागतात. आषाढी एकादशीच्या चेंगराचेंगरीपेक्षा तालुक्यातल्या लेकुरवाळ्यांनी मार्गशीर्षातला एखादा दिवस निवडणे केव्हाही शहाणपणाचे.

दुकानांची रांग घाटावर सुरू होते आणि महाद्वार, प्रदक्षिणा मार्ग असे करत गावभर फिरते. चुरमुरे, बत्तासे, खडीसाखर, पेढे हा प्रसाद. कुंकू, बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, तुळशीमाळा ही देवाघरची खरेदी. त्यातही चुरमुऱ्यांचे महत्त्व वेगळे आहे, कारण पंढरपूरहून आलेला माणूस चिमूटभर चुरमुरे शेजारीपाजारी वाटल्याशिवाय घरात स्थिर होत नाही. कासारांच्या पाट्यांवर बायका तासन् तास बसतात. टाळ, वीणा, मृदंग यांची दुकाने पाहण्यासारखी असतात, दुकानदार मृदंगाची शाई लावताना दिसला तर अधिकच. धनगरी घोंगड्या, पाटे-वरवंटे, लाकडी बैलगाड्या, पिपाण्या, भिंगऱ्या, प्लास्टिकचे चष्मे हे सगळे एकाच वाळूवर मांडलेले असते. गोंदणाऱ्याच्या यंत्रासमोर नाव काढून घेणारी मुले आणि दूर उभे राहून नाही म्हणणारी आई, हेही नित्याचे. खाण्यात भेळ, भत्ता, गोडीशेव, जिलेबी, उसाचा रस आणि भाजलेल्या शेंगा.

फोटोवाल्यांचे एक वेगळे राज्य होते. मागे विठ्ठल-रुक्मिणीचा रंगवलेला पडदा, पुढे लाकडी मोटार किंवा विमान, आणि त्यात बसवलेले घरातले सगळे. नव्याने लग्न झालेली जोडपी, सैन्यात निघालेला मुलगा, पहिल्यांदाच शहरी पोशाख केलेले आजोबा यांचे एकमेव फोटो अनेक घरांत असेच निघाले. मोबाइल आल्यावर पडदे बरेचसे गुंडाळले गेले. काही जण आता मोबाइलवरचा फोटो जागेवर छापून देतात. फोटो टिकून आहे, पण तासभर केस विंचरून, टोपी नीट करून कॅमेऱ्यासमोर बसण्याचा जो कार्यक्रम होता तो गेला.

यांत्रिक करमणूक अलीकडची आहे. आकाशपाळणे, चक्री, मुलांची आगगाडी आणि मौत का कुआँ हे यात्रेच्या दिवसांत मोकळ्या मैदानांवर उभे राहतात. ही मंडळी महाराष्ट्रभर एका जत्रेतून दुसरीकडे जातात आणि त्यांचा पाळणा पंढरपूरला आणि सोलापूरच्या गड्डा यात्रेला सारखाच असतो. त्यामुळे त्यांच्याविषयी येथे वेगळे सांगण्यासारखे फार नाही.

पावसात किंवा दुपारच्या उन्हात वाळवंट निकामी होते तेव्हा मठ उपयोगी पडतात. कैकाडी महाराज मठ हे मुलांचे सर्वांत आवडते ठिकाण. आत वळणावळणाचा लांब मार्ग आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना देव, संत, ऋषी, राष्ट्रपुरुष यांच्या शेकडो मूर्ती आहेत. कुठे जिना चढायचा, कुठे वाकून जायचे, कुठे पुन्हा पहिल्याच ठिकाणी आल्यासारखे वाटायचे. मूर्तिकला म्हणून त्यात फार शोधू नये. पण ज्या मुलाने पुस्तक हातात धरलेले नाही त्याला पुराण आणि इतिहास एका तासात दाखवणारी ती शाळा आहे, आणि आजी-आजोबा हे तिचे मास्तर. तनपुरे महाराजांच्या मठातही मूर्ती आणि देखावे आहेत. तो मठ आणखी एका कारणासाठी पाहावा. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये येथे उपोषण केले आणि त्यानंतर मंदिराची दारे सर्वांना उघडली. ज्या कुटुंबांना त्याआधी मंदिरात जाता येत नव्हते, त्यांच्यासाठी दर्शन आणि मौज हे दोन्ही एका दिवसात बसवणे तेव्हापासून शक्य झाले. यमाई तलावाजवळ वन विभागाने केलेले तुळशी वृंदावन हे नव्या जागांपैकी एक आहे. तेथे सावली, बाके आणि पळायला मोकळी जागा असल्याने लहान मुले असलेल्या घरांना ते मठांपेक्षा बरे वाटते.

वाळवंटाचे धोकेही लक्षात घ्यावे लागतात. वाळूचा बेसुमार उपसा झाल्याने पात्रात अचानक खोल खड्डे लागतात. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो. पूर्वीची सपाट वाळू अनेक ठिकाणी उरली नाही, तिच्या जागी गाळ, दगड आणि झुडपे आहेत. पूर्वी यात्रेची धास्ती पटकीच्या साथीची असे. पिण्याच्या पाण्याची सोय सुधारल्यावर ती ओसरली आणि तिची जागा या खड्ड्यांनी घेतली. गर्दीच्या दिवसांत पोहणाऱ्यांची पथके आणि होड्या पात्रात तैनात असतात, तरी मुलांचे हात सोडू नयेत आणि स्नान घाटालगतच्या आखलेल्या जागेतच करावे. गर्दीत चुकलेल्यांसाठी ध्वनिक्षेपकावरून सतत पुकारा चालू असतो. मुलाच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवण्याची जुनी रीत मोबाइलच्या काळातही तितकीच कामाची आहे.

(पुढील आठवड्यात : सोलापूरची गड्डा यात्रा)