चिनी भाषेतील ‘खाणे’

माळवा आणि चीन यांचा संबंध नवा नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे, आणि इंदूर-उज्जैनच्या अनेक पेढ्यांची भरभराट त्या व्यापारावर झाली. त्या मालाने चिनी जनतेची केवढी हानी केली हे इतिहासात नमूद आहे. १९०७ साली ब्रिटिश व चिनी सरकारांत निर्यात घटविण्याचा करार झाला आणि १९१३ मध्ये ती थांबली. इतक्या दीर्घ व्यवहारात माळव्याची पेढी व चिनी गिऱ्हाईक यांच्यामध्ये मुंबईचे दलाल आणि जहाजवाले उभे होते. आज स्थिती निराळी आहे. क्वांगचौ शहरी १९५७ पासून भरत आलेल्या निर्यात-मेळ्यास आपल्या देशातील व्यापारी स्वतः जातात व समोरासमोर बसून भाव ठरवितात. परंतु बोलतो तो दुभाषी. जो दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो त्याचा सौदाही अर्धा दुसऱ्याच्या हाती असतो, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे.

चिनी भाषा अवघड खरी. पण तिचे दार उघडण्यास आम्ही एकच क्रियापद सुचवितो. ते म्हणजे ‘छर्’, अर्थात खाणे. उच्चार करताना जिभेचे टोक टाळूकडे वळवावे व सूर उंच आणि सपाट ठेवावा. या क्रियापदास लिंग, वचन, पुरुष यांचा विकार नाही. आपण खातो, खाते, खाल्ली, खातील असे म्हणतो. चिनी माणूस सर्वत्र ‘छर्’ म्हणतो आणि क्रिया पुरी झाली की पुढे ‘ल’ जोडतो. ‘छर् ल मा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ आपल्याकडे आल्यागेल्यास विचारतात तसाच हा तेथील जुना कुशलप्रश्न होय.

मराठी माणूस मार खातो, शिव्या खातो, भाव खातो, ऐनवेळी कचही खातो. चिनी माणसाचेही तसेच आहे. ‘छर् खू’, म्हणजे कडू खाणे, याचा अर्थ कष्ट सोसणे. ‘छर् त्सू’, म्हणजे शिरका खाणे, याचा अर्थ प्रेमात मत्सराने जळणे. याविषयी दंतकथा अशी की, थांग घराण्याच्या थाय्‌त्सुंग सम्राटाने आपल्या प्रधानास उपस्त्री देऊ केली. प्रधानपत्नी मानेना. ‘संमती दे, नाहीतर हे विष पी,’ अशी आज्ञा होताच तिने पेला रिकामा केला. आत शिरका निघाला!

व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे प्रयोग याहून मार्मिक आहेत. ‘छर् ख्वेइ’ म्हणजे अक्षरशः आपले ‘खोट खाणे’. ‘छर् पी-मन्-कंग’, म्हणजे बंद दाराचे कढण खाणे. भेटीस गेलेल्या माणसास दारातूनच परतावे लागले की हा शब्द योजतात. वसुलीस हिंडणाऱ्या मुनीमास त्याची चव वेगळी सांगावयास नको. ‘छर् लाओ-पन्’ म्हणजे जुने भांडवल खाणे, पूर्वपुण्याईवर जगणे. ‘त्स्वो छर् शान खुंग’ ही म्हण तर प्रत्येक पेढीने ध्यानी धरावी : बसून खाल्ल्यास डोंगरही रिता होतो.

आपल्या समाजास सर्वांत आवश्यक वाक्य मात्र ‘वो छर् सू’ हे होय : मी शाकाहारी आहे. येथे ‘सू’चा सूर वरून खाली सोडावा, आणि ‘सू’च्या जागी ‘त्सू’ निघाल्यास आपण मत्सराने जळत असल्याचे जाहीर होईल! चिनी बौद्ध परंपरेचा शाकाहारी कांदा-लसूणही वर्ज्य मानतो, ही आपल्या सोयीची गोष्ट. परंतु बटाटा व इतर कंदमुळे त्यास चालतात, म्हणून ती वेगळी सांगावी लागतात. ‘हा काही शाकाहारी नव्हे’ असे चिनी माणूस म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘हा सहज नमणारा नव्हे’ असा घ्यावा. शाकाहारी मनुष्य भावात नमतो, हा त्या म्हणीचा समज आपल्या सभासदांनी खोटा ठरविण्यास हरकत नाही.

चिनी घरांत भिंतीवर ‘छर् ख्वेइ शर् फू’ हे सुवचन लावलेले आढळते : खोट खाणे हेच भाग्य. अठराव्या शतकातील चित्रकार चंग पान्‌च्याओ याच्या नावाशी ते जोडलेले आहे. थोडी खोट सोसून संबंध राखणारा अखेर लाभतो, ही शिकवण आपल्या वाडवडिलांच्या रोजमेळातही दिसेल. सूर कागदावरून शिकता येत नाहीत. यास्तव पेढीवर बसणाऱ्या मुलामुलींनी जाणत्याकडून आठवड्यास एक प्रयोग ऐकून पाठ करावा, अशी आमची सूचना आहे.