दूरचा डॉक्टर, जवळचे हात
अठराव्या शतकात एडिंबराच्या डॉ. विल्यम कलन यांच्याकडे कित्येक रुग्ण टपालाने येत. भूक लागते का, झोप कशी आहे, पोट साफ होते का, आधी कोणती औषधे घेतली, हे सारे पत्रात लिहायचे. कधी रुग्ण स्वतः लिही, कधी त्याचा गावचा डॉक्टर. कलन उलट टपाली औषध आणि पथ्य कळवत. त्यांचा हा हजारो पत्रांचा संग्रह एडिंबरामध्ये आजही जपलेला आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश हेही पत्रावरून सल्ला देत.

हे जमत होते, कारण त्या काळचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरच उभे होते. १८१६ मध्ये फ्रान्सच्या लॅनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला, १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, पुढे रक्ताच्या तपासण्या आल्या. रुग्णाला न जाणवणाऱ्या खुणा डॉक्टरांना दिसू लागल्या. पण जे रुग्णालाच ठाऊक नाही, ते तो पत्रात काय लिहिणार?

मधुमेहात ही अडचण सर्वांत ठळकपणे जाणवते. वाढलेली साखर डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत करते. त्यांना सूक्ष्म फुगे येतात. तपासणीत ते लाल ठिपक्यांसारखे दिसतात. पुढे रक्त झिरपते, पिवळसर डाग पडतात. तरीही बराच काळ नजर चांगलीच असते, आणि दृष्टी अधू होते तेव्हा उशीर झालेला असतो. पायाच्या नसांचेही तसेच. संवेदना गेलेल्या तळव्याला खडा रुतल्याचे कळत नाही.

या न जाणवणाऱ्या खुणा खेड्यातून शहरातल्या तज्ज्ञापर्यंत पोहोचवायच्या कशा, याचे एक उत्तर चेन्नईच्या डॉक्टरांनी शोधले. डॉ. व्ही. मोहन यांच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने तमिळनाडूतील चुनमपेट परिसरातल्या ४२ गावांत एक फिरती गाडी नेली. गाडीत डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र घेणारा कॅमेरा, पायातला रक्तप्रवाह पाहणारे डॉपलर, ईसीजी यंत्र आणि पायाची संवेदना मोजणारे उपकरण होते. या उपकरणाचा कंप पावणारा दांडा अंगठ्याला लावतात आणि कंप जाणवेपर्यंत हळूहळू वाढवत नेतात. जितका जोराचा कंप लागेल, तितकी नस बधिर. टिपलेली माहिती इस्रोच्या उपग्रहामार्फत चेन्नईच्या तज्ज्ञांकडे जाई.

या गावांतील २७,०१४ प्रौढांपैकी २३,३८० जणांची, म्हणजे ८६.५ टक्के लोकांची, तपासणी झाली. मधुमेहींच्या गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी पातळी वर्षभरात सरासरी ९.३ वरून ८.५ टक्क्यांवर आली. पुढील उपचारांसाठी चेन्नईच्या रुग्णालयात पाठवावे लागले ते पाच टक्क्यांहूनही कमी रुग्णांना. शहरात जायचे म्हणजे मजुरी बुडवून, प्रवासाचा खर्च सोसून; तो फेरा बाकीच्यांचा वाचला.

या यशात उपग्रहाचा वाटा आहेच, पण मला त्याहून मोठा वाटतो तो त्याच गावांतून निवडून प्रशिक्षण दिलेल्या माणसांचा. कॅमेऱ्यासमोर म्हाताऱ्या आजींना नीट बसवणे, नजर स्थिर ठेवायला सांगणे, औषध का थांबवायचे नाही हे त्यांच्या भाषेत समजावणे, ही कामे चेन्नईत बसून होत नाहीत. कलन यांना पत्र लिहिणारा गावचा डॉक्टरही हेच करत होता. नाडीवर बोट त्याचे असे, सल्ला एडिंबराचा.

२५ मार्च २०२० रोजी भारत सरकारने दूरवैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. लेखी संदेश, फोन आणि व्हिडिओ या तिन्ही मार्गांना त्यांत मान्यता आहे. पण प्रत्येकाच्या मर्यादाही सांगितल्या आहेत आणि रुग्णाजवळच्या आरोग्य कर्मचाऱ्याची भूमिका स्वतंत्रपणे नोंदवली आहे. आपल्याकडे मेळघाटात किंवा गडचिरोलीत ई-संजीवनीसारखी सरकारी दूरवैद्यकीय सेवा रुजवायची, तर पडदे आणि जोडण्या यांच्याआधी उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हायला हवा. तज्ज्ञ कितीही निष्णात असो, गावातून त्याच्याकडे जे पोहोचेल त्यावरच तो निदान करणार.