पंप फिरतो, पण पाणी चढत नाही?

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूतील हजारो कूपनलिका आटल्या. अशा शहरात ज्यांच्या अंगणातील विहिरीला पाणी टिकून आहे, ते भाग्यवानच! मात्र प्लंबर पाइप बदलून गेला, की कधी कधी काठावरचा पंप नुसताच घरघरतो. टाकीत थेंबही पडत नाही. लगेच मेकॅनिकला बोलावू नका. काम करताना पाइपात हवा शिरते आणि हवा भरलेला पंप पाणी खेचू शकत नाही.

आधी मेन स्विच बंद करा. पंपावरचे बूच उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरा, बूच घट्ट लावा, मग पंप सुरू करा. दोन-तीन मिनिटांत पाणी आले नाही, तर बंद करा. कोरड्या पंपाचे सील जळते.

भरलेले पाणी खाली उतरत असेल, तर विहिरीतला फूट व्हॉल्व्ह गळतो आहे. ते टिकूनही पाणी चढत नसेल, तर नवे सांधे तपासा. पंप चालू असताना विहिरीकडच्या पाइपाची गळती बाहेर ठिबकत नाही, आत हवा ओढते.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, त्यामुळे मुंबईपेक्षा पंपाची ओढ सुमारे एक मीटरने घटते. पाणी पंपापासून सहा मीटरपेक्षा खोल गेले असेल, तर पंपच खाली बसवून घेणे शहाणपणाचे.