सातबाऱ्याचा साचा बदलतो तेव्हा

पीकविमा भरायचा, सोसायटीचे कर्ज काढायचे, मुलीच्या दाखल्याला पुरावा जोडायचा, भावकीतली वाटणी नोंदवायची. बीड जिल्ह्यात यातले काहीही करायचे तर आधी सातबारा काढावा लागतो. जमीन कोणाची हे गाव नमुना 7 सांगतो, तीत काय पेरले हे नमुना 12. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची, तिच्याखालचे अधिकार अभिलेखाचे नियम 1971 चे. कोणत्या रकान्यात काय लिहायचे, कोणत्या एककात लिहायचे, कोणती नोंद कोणत्या नमुन्यातून उचलायची, हे सगळे तिथे ठरले. संगणकवाले ज्याला डेटा डिक्शनरी म्हणतात तिचे काम नेमके हेच असते. तिथे नोंदी नसतात. नोंद कशी असावी याच्या व्याख्या असतात.

व्याख्या बदलली की काय होते, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये क्षेत्राला पाच जागा ठेवल्या आहेत, हेक्टरला तीन आणि आरला दोन. त्यापुढे खाते क्रमांकाच्या चार जागा. 81 आर जमीन आणि खाते 212 असेल तर ओळ होते 000810212. आता ठरले की क्षेत्र चौरस मीटरपर्यंत लिहायचे. एका आरमध्ये 100 चौरस मीटर, म्हणजे आणखी दोन जागा लागल्या. नवी ओळ झाली 00081000212. ही ओळ जुन्याच व्याख्येवर तयार झालेल्या प्रोग्रामने वाचली तर तो पहिले पाच आकडे घेतो, 81 आर बरोबर सांगतो, आणि पुढचे चार आकडे 0002 असे वाचतो. जमीन खाते 212 वरून खाते 2 वर गेली. कुठेही चूक दाखवली गेली नाही, मशीन थांबले नाही, क्षेत्र तर अगदी बरोबर आले. म्हणूनच हा दोष भयंकर.

त्यावरचा उपाय म्हणजे व्याख्या एकाच ठिकाणी ठेवणे आणि ती बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणे. कोबॉलच्या काळापासून ही शिस्त आहे. नोंदीचे वर्णन वेगळ्या फाइलमध्ये, ज्याला कॉपीबुक म्हणतात, लिहायचे आणि प्रत्येक प्रोग्रामने ते तिथूनच घ्यायचे. बँकांचे व्यवहार सांभाळणाऱ्या टँडम कंपनीच्या नॉनस्टॉप यंत्रांवर तर डीडीएल नावाचा वेगळा कंपायलर होता. तो डेटा डिक्शनरीतली व्याख्या वाचून कोबॉल, सी अशा भाषांसाठी तिची रूपे तयार करून देई. हे काम आदेशाच्या ओळीवर चालते. कंपायलरचे नाव, पुढे पर्याय: व्याख्या कोणत्या फोल्डरमधून घ्यायच्या, रूप कोणत्या भाषेत काढायचे, फाइल कुठे ठेवायची. ग्नूकोबॉल या मोफत कंपायलरला ‘फक्त तपास, काही तयार करू नकोस’ असेही सांगता येते. मला हा पर्याय सगळ्यांत मोलाचा वाटतो. बदल प्रत्यक्षात आणण्याआधी तो कुठे कुठे अडेल हे आधी कळते. आजच्या डेटाबेसमध्ये आकडे असे जागा मोजून ठेवत नाहीत, तरी नियम सुटलेला नाही. ओरॅकलमध्ये टेबलाची रचना बदलली की त्यावर अवलंबून असलेली प्रोसिजर अवैध ठरू शकते आणि ती पुन्हा कंपाइल करावी लागते.

सातबाऱ्याची व्याख्या अशीच बदलली ती सप्टेंबर 2020 मध्ये. गावाच्या नावाशेजारी एलजीडी कोड, म्हणजे स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा क्रमांक, आला. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये आणि बिगरशेतीचे आर, चौरस मीटरमध्ये दाखवायचे ठरले. इतर हक्कांच्या रकान्यात असलेला खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला. कमी झालेल्या नावांना पूर्वी कंस करत, आता त्यांच्यावर आडवी रेघ येते. प्रलंबित फेरफारही उताऱ्यावर दिसू लागला. यातली प्रत्येक सुधारणा चांगली आहे. विशेषतः प्रलंबित फेरफार दिसणे ही जमीन घेणाऱ्या गरिबाची मोठी सोय आहे.

मात्र साचा बदलला म्हणून आतली नोंद दुरुस्त होत नाही. सातबाऱ्याचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ बसत नाही, अशा नोंदी हस्तलिखित दप्तरातून संगणकात जशाच्या तशा आल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी आधी संगणकात एडिट झाले, 2017 मध्ये नोंदी गावासमोर वाचण्याची चावडी वाचनाची मोहीम गावोगाव झाली, मग रि-एडिट झाले. तलाठ्यांनी रात्री जागून ही कामे केली आहेत. त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी गावात ते तलाठी भाऊसाहेबच आहेत. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, तो या कष्टांमुळे.

बीडची अडचण आणखी खोल आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या जुन्या दप्तरात मोडी आहे, उर्दू आहे. कुळांसाठी हैदराबादचा 1950 चा कायदा, अतियात म्हणजे इनाम-अनुदानांच्या चौकशीचा 1952 चा, इनामे रद्द करणारा 1954 चा. इनामी जमिनींतला खिदमतमाश (सेवेसाठी) आणि मदतमाश (निर्वाहासाठी) हा फरक पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला चटकन सांगता येणार नाही. आष्टी-पाटोद्याकडे त्यावर घराण्यांची भांडणे आहेत. देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली जमीन आणि निर्वाहासाठी दिलेली जमीन व्याख्येत एकाच खणात गेली, तर विक्रीच्या वेळी सॉफ्टवेअर अडवणार कशाच्या आधारावर? दस्त नोंदणीची आय-सरिता प्रणाली ई-फेरफारला जोडलेली आहे, त्यामुळे एका ठिकाणी चुकलेला भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन विनापरवानगी विकता येते का हे सांगणारा वर्ग, पुढे फेरफारापर्यंत जातो.

नमुना 12 चेही तसेच. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पीक नोंदवण्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो. दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे गेलेल्या केज-वडवणी-धारूरच्या माणसाने रब्बीची पाहणी कुठून करायची? 2020 मध्ये पीकविम्याचा, विमा कंपनीचा नफा आणि तोटा दोन्ही मर्यादित करणारा 80-110 चा ‘बीड पॅटर्न’ याच जिल्ह्याने राज्याला दिला. पीकच नोंदले गेले नाही, तर विम्याच्या दाव्यात तोच शेतकरी अडचणीत येतो. पाहणीचा नियम ठरवताना तोडणीला गेलेले कुटुंब धरायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

सातबाऱ्याची व्याख्या, प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रणालींची यादी मराठीत जाहीर व्हावी. पुढचा बदल लागू करण्याआधी तो नुसता तपासून पाहावा, त्यातही मराठवाड्यातले एक इनामी गाव मुद्दाम घेऊन. तोवर वाचकांनी एवढे करावे: तोडणीला निघण्याआधी आपला आठ-अ (खातेउतारा) आणि सगळे सातबारे शेजारी ठेवून क्षेत्रांची बेरीज जुळते का पाहावी, खाते क्रमांक आणि भोगवटादार वर्ग वाचावा. लेखनाची चूक दिसली, तर संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जाची पोच मात्र घ्यावी.