आधी बांधा, मग सोडा

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दक्षिण गोव्यात बेतूलच्या बाजूस एका परिचितांच्या घरी गेलो होतो. साळ नदी तेथे समुद्रास मिळते. आभाळ भरून येऊ लागले होते. होड्या वर ओढाव्या, जाळी सुकवून घरात न्यावी आणि वर्षभर खाऱ्या पाण्यात राबलेली इंजिने उतरवून दुरुस्तीस धाडावी, अशी घाई किनाऱ्यावर चालली होती.

धक्क्यालगत बांधलेल्या एका होडीत दोन तरुण भाऊ मागील फळीवरचे आऊटबोर्ड इंजिन सोडवीत होते. धाकट्याने दोन्ही स्क्रू सैल केले. थोरल्याने वाकून इंजिनास मिठी मारली. तोच शेजारून गेलेल्या एका नौकेची लाट आली आणि होडी कलली. थोरल्याचा पाय घसरला. त्याने हात सोडले म्हणून तो बचावला. इंजिन मात्र पाण्यात गेले. हप्ते अजून फिटावयाचे होते, असे आम्हांस मागाहून कळले. त्यांची आई धक्क्यावर उभी होती. तिने इंजिनाचे नावही काढले नाही. “हात दाखव आधी,” एवढेच ती म्हणाली.

जवळच जाळे सांधीत बसलेले एक वृद्ध तांडेल उठून आले. ते रागावले नाहीत. आपल्या कोंकणीत त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा: “अरे बाबा, आधी बांधायचे, मग सोडायचे. आम्ही वल्हेसुद्धा बांधून ठेवीत होतो.” त्या वाक्यात या कामाचे अर्धे शास्त्र आले आहे, असे आम्हांस वाटते. उरलेले अर्धे जाणत्या कारागिरांकडून समजून घेऊन येथे देत आहोत. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची चूल या इंजिनावर पेटते, आणि ज्यांची पेटत नाही त्यांच्या ताटातील मासळी तरी त्याच्याच बळावर येते.

होडीच्या मागे बाहेरून अडकविण्याचे हे यंत्र शंभराहून अधिक वर्षांचे आहे. नॉर्वेत जन्मलेले व अमेरिकेत वाढलेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकी शहरी आपले इंजिन विक्रीस आणले. त्याची शक्ती दीड अश्वशक्ती आणि वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो होते. हवे तेव्हा लावावे व हवे तेव्हा काढावे, हाच त्याचा मोठा गुण ठरला. आज आपल्याकडील लहान होड्यांवर असणारी ८ ते १० अश्वशक्तीची इंजिने साधारणपणे २५ ते ४० किलोंची असतात. तांदळाचे पोते याहून जड असते. म्हणूनच माणूस फसतो. पोते जमिनीवर उभे राहून उचलायचे असते. हे इंजिन मात्र डोलणाऱ्या होडीत, पुढे वाकून, हात लांब करून, फळीच्या वर उचलून घ्यावे लागते. अशा वेळी कमरेच्या मणक्यांवर येणारा भार इंजिनाच्या वजनाच्या कित्येक पट होतो. शिवाय इंजिनाचा जड भाग वर असल्याने ते हाती येताच एका अंगास कलते. क्षणभराच्या या कलण्यात बोटे चिरडतात आणि कमरेत उसण भरते ती जन्मभर पुरते.

तेव्हा पहिला विचार जागेचा. शक्य असेल तर होडी वाळूवर ओढून, दोन्ही बाजूंस टेकू देऊन स्थिर करावी आणि मगच इंजिनास हात लावावा. ते शक्य नसेल तर धक्क्याशी होडी पुढे व मागे अशा दोन्ही ठिकाणी घट्ट बांधावी, आणि भरती-ओहोटीची वेळ पाहून होडीचा काठ धक्क्याच्या बरोबरीस येईल तेव्हाच काम करावे. चार हात खोल उतरलेल्या होडीतून इंजिन वर देणे म्हणजे संकटास आमंत्रण होय.

दुसरा विचार आगीचा. आपल्याकडील पुष्कळ इंजिने पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवितात. म्हणजे दोन्ही इंधने होडीत असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती उडून न जाता होडीच्या तळाशी साचून राहते. म्हणून इंजिन बंद करावे, ते अवचित सुरू होऊ नये यासाठी असलेली सुरक्षा-दोरी किंवा किल्ली काढून खिशात घालावी, इंधनाची नळी सोडवावी, टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र बंद करावे आणि टाकी आधी किनाऱ्यावर न्यावी. बॅटरी असल्यास काळी, म्हणजे ऋण बाजूची तार प्रथम काढावी. इंजिन निवू द्यावे. विडी-सिगारेट या वेळी कोणाच्याच तोंडात नसावी. मदतीस आलेल्या शेजाऱ्याच्याही नाही.

तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, विचार दोराचा. स्क्रूला हात लावण्यापूर्वी एक मजबूत दोर इंजिनाच्या मधल्या भागास अथवा उचलण्याच्या कडीस बांधावा. वरच्या झाकणास किंवा हाताच्या दांड्यास तो कधीही बांधू नये. झाकण नुसत्या खिट्टीवर बसलेले असते व निसटते. दोराचे दुसरे टोक होडीच्या भक्कम आडव्या लाकडास बांधावे. गाठ निरगाठ असावी, सरगाठ नव्हे. आणि काहीही झाले तरी दोर हातास किंवा मनगटास गुंडाळू नये. पडणारे इंजिन आपल्याबरोबर माणसासही ओढून नेते.

यानंतर दोघांनी मिळून स्क्रू सोडवावे. काम दोघांचे, पण हुकूम एकाचा. ‘एक, दोन, तीन’ कोण म्हणणार हे आधी ठरलेले असावे. गुडघे वाकवावे, पाठ सरळ ठेवावी, इंजिन अंगाशी घ्यावे. वळायचे झाल्यास कंबर न पिळता पाय उचलून वळावे. किनाऱ्यावर घेणारा तिसरा गडी ‘धरले’ असे मोठ्याने म्हणेपर्यंत पहिल्या दोघांनी हात सोडू नये. इंजिन पूर्ण किनाऱ्यावर आल्यावरच दोर सोडावा.

४० अश्वशक्तीचे इंजिन सत्तर किलोंच्या पुढे जाते. ते हातांनी उचलण्याचा पुरुषार्थ कोणी करू नये. त्यास साखळीची कप्पी व भक्कम तिपाई हवी. तिपाईचे पाय फाकू नयेत म्हणून ते एकमेकांस खाली दोराने जखडावे. पट्टा जुना, भिजून कुजलेला नसावा. टांगलेल्या इंजिनाखाली कोणी उभे राहू नये, आणि मुलांना तर तेथे फिरकूही देऊ नये.

उतरविलेले इंजिन उभेच ठेवावे. खालचा पंख्याकडील भाग वरच्या भागाहून उंच झाला, तर आत राहिलेले खारे पाणी उलट चढून सिलिंडरात शिरते. आडवे ठेवणे भागच पडले तर माहितीपत्रकात सांगितलेल्या कुशीवरच ठेवावे. चार-स्ट्रोक इंजिनात हा नियम मोडल्यास तेल नको तेथे जाते. वाळूवर ठेवू नये. लाकडाचा साधा घोडा करून त्यावर ते अडकवावे. मोकळ्या झालेल्या फळीकडेही या निमित्ताने पाहावे: चाकूचे टोक सहज रुतले तर लाकूड कुजले आहे असे समजावे.

आता त्या दोघा भावांच्या इंजिनाचे काय झाले? ओहोटीस पाणी उतरल्यावर एका पोहणाऱ्याने त्यास दोर बांधला व ते वर निघाले. चालू करून पाहण्याची थोरल्यास घाई झाली होती. तांडेलांनी ती करू दिली नाही. वाळू आत असताना इंजिन फिरविले तर ते कायमचे जाते. त्यांनी ते गोड्या पाण्याने भरपूर धुवविले, स्पार्क प्लग काढून आतील पाणी निथळविले आणि त्याच संध्याकाळी कारागिराकडे पाठविले. खाऱ्या पाण्यातून निघालेल्या लोखंडास हवा लागली की गंज काही तासांतच धरू लागतो. कारागीर लगेच मिळण्यासारखा नसेल, तर ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवणे बरे. इंजिन वाचले, दुरुस्तीचा खर्च मात्र पावसाळ्याच्या तोंडावर जड गेला.

पुढच्या वर्षी आमचे पुन्हा तिकडे जाणे झाले. तेच भाऊ, तेच इंजिन, तोच धक्का. थोरला स्क्रूकडे वळणार, तोच आईने वरून हाक दिली. त्याने हसून इंजिनाला बांधलेला दोर दोन बोटांनी उचलून तिला दाखविला. मग ती घरात गेली.