कूळकायदा आणि न्यायासन

उल्हास नदीकाठच्या बदलापूर गावात, तसेच मुंबई राज्यात इतरत्रही, खंडाने जमीन कसणाऱ्या कुळाला १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी त्या जमिनीचा खरेदीदार मानणाऱ्या दुरुस्ती-कायद्याला जमीनमालकांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा ज्या अधिकाराने न्यायमूर्तींनी तो तपासला तो काही १९५० साली एकाएकी उपजलेला नव्हता.

त्याचे मूळ परकीय अमदानीत सापडते. गारो टेकड्यांसंबंधीच्या १८६९ च्या कायद्याचा काही भाग कलकत्ता हायकोर्टाने अधिकारबाह्य ठरविला. प्रिव्ही कौन्सिलने १८७८ साली तो निवाडा फिरविला खरा, परंतु ज्या सनदेने विधिमंडळाला अधिकार दिले तिची मर्यादा ओलांडली गेली काय, हे पाहणे न्यायालयाचेच काम, हेही त्याच निवाड्यात मान्य करून टाकले. सरकार दावा जिंकले आणि तत्त्व गमावून बसले, असेच म्हणावे लागते.

पुढे महायुद्धाच्या धामधुमीत केशव तळपदे या मुंबईकडील स्थानबद्धाचे अपील फेडरल कोर्टापुढे गेले, आणि सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायासनाने एप्रिल १९४३ मध्ये, ज्या नियमाखाली माणसे बिनचौकशी डांबली जात तो भारत संरक्षण नियम २६ मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा म्हणून रद्दबातल ठरविला. सरकारने लगोलग वटहुकूम काढून ते छिद्र बुजविले. १९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही तो निर्णय चुकीचा मानला. तरीही ऐन युद्धकाळी हुकुमतीला जाब विचारण्याची ती छाती मला थोर वाटते.

संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदाने हा अधिकार लेखी झाला आणि लगेच जमीन-सुधारणांशी त्याची गाठ पडली. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीन-सुधारणा कायदा मोडीत काढताच त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. अशा कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देणारा अनुच्छेद ३१-अ आला, नववे परिशिष्ट आले, आणि त्यात मुंबईचा १९४८ चा मूळ कूळकायदा दुसऱ्या क्रमांकावर बसला. कुळाला खरेदीदार मानणारी १९५६ ची दुरुस्ती मात्र नंतरची. तिला परिशिष्टाचे छत्र नव्हते. म्हणूनच श्रीराम रामनारायण मेढी खटल्यात तिची कसून चिकित्सा झाली, आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये न्या. भगवती यांनी ३१-अ च्या आधारे ती वैध ठरविली. कायदा पाडणारे निवाडेच तेवढे गाजतात. कुळांच्या दृष्टीने हा राखणारा निवाडाच अधिक मोलाचा, कारण त्यानंतर कलम ३२-ग खाली किंमत ठरविण्याचे काम निर्वेध चालू शकले आणि ती हप्त्यांनी फेडणाऱ्या कुळाचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून चढण्याचा मार्ग मोकळा झाला.